ठमीसमोर फेकलेली किल्ली

आबांनी स्कूटरची किल्ली भिरकावली. परसामागच्या कमरेएवढ्या गवतात ती कुठेतरी पडली.

"आता जा बघू नोकरीला!"

रेणू बॅग घेऊन दारातच थांबली. आज दुपारी हजर व्हायचं होतं. दूरच्या नाक्यावरून सुटणारी सकाळची एसटी चुकली, तर पुढची थेट संध्याकाळी.

बघ.

पायरीवर त्यांची रिट्रिव्हर कुत्री ठमी ताठ बसली होती. वस्तू पडेल ती जागा नजरेत धरायची आणि हुकमाशिवाय हलायचं नाही, हे बापलेकीनं तिला 'बघ, थांब, आण' या तीन हुकमांवर पावसाळाभर शिकवलं होतं. चिंध्या भरलेला मोजा रेणू फेकायची. हुकूम मात्र आबांचाच.

थांब.

"आण, ठमे!" रेणू ओरडली.

ठमीचा कान हलला. नजर गवतातल्या त्याच जागेवर राहिली.

"माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ती," आबा म्हणाले.

"मग तिच्यासमोर कशाला फेकलीत? बघा, कशी थरथरतेय. तुम्ही सांगेपर्यंत अशीच बसेल."

आबा ठमीकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला.

"तू गेल्यावर हिच्यासाठी मोजा कोण फेकणार?"

"आज फेकलंत की. लांब जातं तुमचं."

आण.

आबांचा आवाज जेमतेम निघाला, पण ठमीला तेवढा पुरला. गवत दुभंगलं, पुन्हा मिटलं. ती परतली आणि शिकवल्याप्रमाणे तिनं किल्ली आबांच्याच तळहातावर ठेवली.

त्यांनी ती लेंग्याला पुसली आणि रेणूपुढे धरली.

"चालव तू. मी मागं बसतो. स्कूटर नाक्यावरून परत कोण आणणार?"