दोन दिवसांची मुदत

साहेब म्हणाले, "कुठलाही पत्ता टाकून दाखव." तिच्या बोटांनी सवयीने बाबांच्या जुन्या दुकानाचा वेब-पत्ता टाकला.

भिंतीवरच्या पडद्यावर बाबांचं पान उघडायला हवं होतं. बाबा आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करत आले. दुकान बंद झाल्यावर तिने त्यांच्या वह्या चाळून, कॅमेऱ्यांच्या शटरची हाताने काढलेली दोनशे चित्रं एका पानावर चढवली आणि दुकानाचा पत्ता त्या पानाला जोडून दिला. कुठकुठले हौशी लोक त्यावरून अडगळीतले कॅमेरे चालू करत आणि बाबांना कळवत. बाबा प्रत्येकाला उत्तर लिहीत.

पडद्यावर दादाचं दुकान उघडलं. घराच्या दारावर लावायचे पाळतीचे कॅमेरे, दुसऱ्यावर वीस टक्के सूट.

"पापणी लवायच्या आत," साहेब खुशीत म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काम तिचंच होतं.

त्यांच्या कंपनीचा धंदा एवढाच: जुन्या वेब-पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर नेऊन सोडायचं. नवा पत्ता बदलायला पूर्वी दोन दिवस जात. अर्ज आला की मालकाला मेल जायची, हा बदल करायचा ना? दोन दिवसांत त्याने 'नाही' दाबलं तर अर्ज रद्द, नाहीतर बदल लागू. नाही म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यापायी बाकीच्यांना का ताटकळत ठेवायचं, हे तिनेच लावून धरलं होतं. या सोमवारपासून मेल बंद झाली, मुदतही बंद.

बाबा दादाकडे राहत. ते विसरले तर अडायला नको, म्हणून कंपनीतल्या त्यांच्या खात्याचा पासवर्ड तिनेच दादालाही देऊन ठेवला होता.

ती जिन्यात आली आणि तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमच्या पत्त्यावर दादाचं दुकान उघडतंय."

"माहितीये. सोमवारी जेवताना त्यानेच दाखवलं. खुशीत होता."

"तुम्हाला न विचारता केलं?"

"तसा अर्ज आधीही तीनदा केला होता त्याने. तेव्हा तुमची मेल यायची. मी चष्मा लावून नीट वाचायचो आणि 'नाही' दाबायचो. या वेळी मेल आलीच नाही. मी बुधवारपर्यंत वाट पाहिली."

तिने कठडा धरला. "ती मेल मीच बंद केली, बाबा."

"असं होय."

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसतेच खाकरले. मागे भांड्यांचा आवाज आला, वहिनी ओट्याशी असावी.

"मी आत्ता पूर्वीसारखं करते," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही फक्त हो म्हणा. एक सेकंद लागतो."

"नको."

"नको काय? तुमच्या सगळ्या जन्माचं काम आहे ते."

"चित्रं कुठे जात नाहीत गं. आहेत तिथेच आहेत."

"पण लोक पोचणार नाहीत त्यांच्यापर्यंत."

"नाही पोचणार," बाबा म्हणाले. उद्या दुकान उघडणार नाही, असं गिऱ्हाइकाला सांगावं तितक्याच शांतपणे.

"मग मी दादाशी बोलते. सरळ सांगते त्याला."

"अजिबात बोलायचं नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला आणि लगेच इतका खाली आला की तिला फोन कानाशी घट्ट दाबावा लागला. दार लोटल्याचा आवाज आला. भांडी ऐकू येईनाशी झाली.

"तीनही वेळा तो तणतणत आला होता माझ्याकडे. म्हणे, हिच्या कंपनीत नुसता सावळा गोंधळ, साधा अर्ज मंजूर करत नाहीत. मीही मान डोलवायचो. म्हणायचो, खरंय रे, करणार काय." ते थोडं हसल्यासारखे झाले. "तेव्हा नकार तुमच्या ऑफिसचा असायचा, पोरी. आता तो माझा ठरेल. आणि मला त्याच्याच घरात राहायचंय."