उजवी पाकळी

दुसरा डोंगर उतरल्यावर वाटच संपली. समोर लाल खड्डा होता. पलीकडे तीच वाट पुन्हा वर चढताना दिसत होती, मधला तुकडा कुणी कापून नेल्यासारखी.

"गेल्या शिगम्याला होती रे इथं," सगुण म्हणाले.

"खाण वाढली, काका. माझ्या मागनं या," योगेश म्हणाला आणि डावीकडे वळलासुद्धा.

क्षमा बापाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. सकाळी सहाला मयेहून निघाल्यापासून ती अशीच मध्ये होती. तशी दोन वर्षं होती म्हणा.

योगेश मूळचा बांद्याचा. घटकराज्य झालं त्या वर्षी इकडे खनिजाचा ट्रक चालवायला आला. निर्व्यसनी, कामसू. क्षमाने लग्न करीन तर याच्याशीच म्हणून हट्ट धरला होता आणि सगुणना त्याच्यात खोट काही काढता येत नव्हती. "माणूस वाईट नाही गो. पण तो एकटाच चालणारा," एवढंच ते म्हणत. त्यावर क्षमा हसायची. ट्रकवाला चालतो कुठे, म्हणायची.

शेवटी डोंगरावरच्या देवीचा कौल घ्यायचं ठरलं. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. होय आलं तर सगुणनी तिथेच शब्द द्यायचा. नाही आलं तर क्षमाने वाळपईच्या मास्तरांचं स्थळ पत्करायचं. रीतीप्रमाणे चालत जायचं, कौल घेणारीने उपाशी राहायचं, आणि चारला गुरव दार लावून खाली उतरतो, त्याच्या आत पोचायचं. नाहीतर पुढचा कौल पावसाळ्यानंतर.

योगेशची वाट काजूच्या बागेत शिरली, कुंपणाला अडली, वळली, पुन्हा वळली. "हीच, हीच," तो म्हणत होता. तासाभराने ते खड्ड्यापाशी आले.

"हा दुसरा खड्डा," योगेश म्हणाला.

काठावर सगुणनी मघाशी टाकलेली विड्याची पिंक अजून ओली होती. त्यांनी उजवीकडून वाट काढली.

ओढ्यावर योगेशने पदेराकडून आणलेले दोन उंडे पाव काढले. "तुला चालत नाही ना आज?" त्याने क्षमाला विचारलं आणि उत्तराआधी पहिला फाडला. सगुणना उपास नव्हता, पण तेही खाईनात.

"पित्त झालंय," म्हणाले.

तिसरा डोंगर अंगावर येणारा. पहिल्या डोंगरावर योगेशने चारदा मागे पाहिलं होतं, दुसऱ्यावर एकदा. आता त्याचा शर्टच तेवढा झाडीत मधूनमधून दिसत होता.

"गुरव निघून जाईल म्हणून पळतो तो," क्षमा म्हणाली. "आणि तुम्ही झाडाझाडाखाली बसताय. मुद्दाम करताय ना?"

"करतो मगे," सगुण म्हणाले आणि पुढच्या झाडाखाली बसले. तिचा दम खाली बसला की त्यांचे गुडघेही बरे होत. असं आठ वेळा झालं.

पोचले तेव्हा चारला दहा कमी होते. योगेश तोंड धुऊन, केस विंचरून पायरीवर बसला होता.

"केवढा उशीर," तो म्हणाला.

गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. "गाऱ्हाणं कोण घालणार, सगुणबाब?"

"मी नको. मागाहून म्हणतील, बापाने शब्द फिरवले. बायच विचारील, मनातल्या मनात."

क्षमाने हात जोडले, डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती. योगेशने घड्याळ पाहिलं. सगुणनी तिच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

पाकळ्या हलेनात. मग एक सुटली. उजवी.

"होय म्हाराजा," गुरव म्हणाला.

सगुण मूर्तीकडे बघत राहिले. मग टोपी काढून परत घातली. "देवीपुढे माझं काय चालतं," म्हणाले. "दिली मुलगी."

योगेश लगेच पाया पडला. गुरवाने गुळाचा खडा क्षमाच्या हातावर ठेवला. तो तिने तोंडात घातला नाही.

"रडतेस कशाला गो?" सगुणनी हळूच विचारलं. "तू विचारलंस त्याला देवीने होय म्हटलं ना?"

"होय," क्षमा म्हणाली.

तिने देवीला एवढंच विचारलं होतं, बाबा याच्याबद्दल म्हणतात ते खरं का?