नायिका माहेर सोडते तेव्हा

सिनेमांच्या संगीतात व्हायोलिन वाजवणाऱ्या एकाला कुलूपवाल्याची मुलगी हवी होती. कुलूपवाला म्हणाला, “तुझं वाजवणं मला ऐकू आलं, तरच लग्नाचं बोलू.” त्याने वाजवलेला सिनेमा बघायला दोघं थिएटरात गेले. नायिका माहेर सोडून निघाली आणि कुलूपवाला असा रडला, की पुढच्या रांगेतल्यांनी छत्र्या उघडल्या. बाहेर आल्यावर नाक पुसत तो म्हणाला, “व्हायोलिन काही ऐकू आलं नाही बुवा.” व्हायोलिनवाल्याने म्हाताऱ्याला हाताला धरून थेट स्टुडिओत नेलं. तिथे वादकांपुढे सिनेमा मुकाच लावतात. तोच प्रसंग पडद्यावर आला. कुलूपवाल्याने जांभई दिली. “ही चालतेय की फरश्या मोजतेय? गाडी चुकेल हिची.” व्हायोलिनवाल्याने तारांवर गज ठेवला. नायिका दारापर्यंत पोचायच्या आत कुलूपवाला रुमाल शोधू लागला. “थांबा, जावईबापू. आमची निघेल तेव्हा मात्र हे वाजवू नका.”