दगड दाखव
बेटावरच्या कड्यांवरून जाणाऱ्या पायवाटा बाबांनी तीस वर्षं सांभाळल्या होत्या. घसरून पडल्यावर त्यांचं चालणंच थांबलं, म्हणून शहरात फोटोग्राफर असलेली लेक रजा काढून आली. रोज वाटांचे फोटो काढून त्यांना दाखवायची. "समुद्र कशाला काढतेस? तो कुठे पळून जातोय? दगड दाखव," बाबा वैतागायचे. मग ती गुडघे टेकून पायऱ्याच टिपू लागली. आज एका फोटोपाशी ते थबकले. "ही निखळलेली पायरी कोणी बसवली?" "मी." बाबांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. "रुंद बाजू खाली हवी गं, नाहीतर पावसात पुन्हा सुटेल. उद्या माझी पहार घेऊन जा." ती पहार त्यांनी आजवर कोणाच्याच हातात दिली नव्हती. उद्याच्याच परतीच्या बोटीचं तिकीट तिच्या खिशात होतं. तिने विचारलं, "कुठे ठेवलीय?"