अकरा नंबरची जर्सी

मुलींच्या फुटबॉल सामन्यांचे फोटो मी काढतो. ज्या पालकांचा फोटोला नकार असतो, त्यांच्या मुलींची यादी प्रशिक्षक मॅडम आधीच माझ्या हातात ठेवतात. दोन वर्षं त्या यादीत एकच खेळाडू होती, अकरा नंबरची. "फोटो फिरत फिरत तिच्या बापापर्यंत गेला, तर तो शोधत येईल," असं तिच्या आईने कळवलं होतं.

तिच्याकडे चेंडू गेला की मी कॅमेरा खाली घ्यायचो. तिने गोल मारला की सगळ्या तिच्या अंगावर झेपावायच्या, तेव्हा मी लेन्स पुसत बसायचो. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात आलीच, तर तो मैदानावरच डिलीट करून टाकायचो.

"काका, आज दोन मारले! पुरावा कुठाय?" कमरेवर हात ठेवून ती विचारायची.

गेल्या आठवड्यात तिची आई स्टुडिओत आली. नर्सचा गणवेश अजून अंगावरच होता.

"बापाला पत्ता लागलाच, भाऊ. कोर्टाने पोरगी त्याला दिली. रविवारी माझी ड्युटी असायची, तिला खेळताना मी एकदाही बघितलं नाही. पाठमोरी असली तरी चालेल. एखादा चुकून राहिला असेल ना?"

दुपारभर बसून आम्ही दोघांनी दोन वर्षांचे सगळे फोटो पाहिले.



मी एकही चूक राहू दिली नव्हती.