सुट्या भागांची यादी

“पंधरा मिनिटं,” साहेब म्हणाले. “एक मिनिट जास्त नाही.”

सर्व्हरकाकांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीच्या सगळ्या फाईली काकांच्या सर्व्हरवर नांदत होत्या आणि आज तिथे नवं सॉफ्टवेअर बसत होतं. बसायच्या आधी ते मर्यादा विचारत होतं. एका वेळी किती माणसं? काकांनी दोनशे भरले. एकेकाने किती फाईली उघडायच्या? पन्नास. फाईल उघडून कोणी नुसतंच बसून राहिलं, तर किती वेळाने त्याला बाहेर काढायचं? इथे घोडं अडलं होतं.

“चार तास ठेवू या,” काका म्हणाले.

“चार तासांत माणूस लग्न लावून परत येतो! अहो, काल एका इमारतीत दाराच्या स्क्रूंऐवजी छताचे स्क्रू गेले. का? तर यादीच्या दोन प्रती फिरत होत्या. का? तर मूळ यादी तुमच्या यादीबाई उघडून बसल्या होत्या. एकाने उघडली की दुसऱ्याला तीत लिहिता येत नाही. उघडलेलं मिटायचंही असतं, हे त्या बाईंना कोणी शिकवलंच नाही काय?”

‘तुमच्या’ हा शब्द काकांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्यांच्या कानाच्या पाळ्यांना मात्र ते जमलं नाही.

सुट्या भागांची यादी सांभाळतात म्हणून त्या यादीबाई. पूर्वी याच खोलीत, काकांच्या समोरच्या टेबलावर बसायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली. निरोपाच्या दिवशी काकांना पुष्कळ बोलायचं होतं. ते बोललेही. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलत जा, असं म्हणाले.

तेव्हापासून काकांकडे एक ओळ होती. रोज दुपारी तीनला ती पडद्यावर उमटायची. यादीबाई, सुट्या भागांची यादी, उघडी. पुढे, किती वेळ हात लागलेला नाही, त्याची मिनिटं. दहा, चाळीस, शंभर. मिनिटं वाढत तसतसे काका मनाने त्या शाखेत जाऊन पोचत. बाई खिडकीशी उभ्या असतील. चष्मा शोधत असतील आणि तो डोक्यावरच असेल. साडेपाचला ओळ गेली की काका डबा पिशवीत घालून एकट्याच्या घरी जात.

फोन करावा असं त्यांना रोज वाटे. पण काय म्हणून करायचा? बाई कामात असणार. कोणी इंजिनिअर “काका, यादी अडकलीय, बाईंना फोन लावू का?” म्हणत आला, तर काकाच त्याला आडवे जात. “त्यांना कशाला त्रास? मी आहे ना!” मग त्याला प्रत काढून देत आणि त्याचे बदल संध्याकाळी मूळ यादीत स्वतः चढवत. चार वर्षांत त्यांनी बाईंच्या केसालाही धक्का लागू दिला नव्हता. छत आणि दार यांत गफलत झाली ती काल, पहिल्यांदाच.

“शून्य घातलं तर?” काकांनी शेवटचा प्रयत्न केला. “शून्य म्हणजे कधीच बाहेर काढायचं नाही.”

“पंधरा,” साहेब म्हणाले.

काकांनी पंधरा भरले.

तीनला ओळ उमटली. समोर आलेला चहा काकांनी घेतला नाही. पाच मिनिटं झाली. अकरा. “बाई, एखादं बटण तरी दाबा,” काका पडद्याला म्हणाले. चौदा. मग ओळ नव्हती. बाई या खोलीतून गेल्या, तेव्हा निदान टेबल तरी मागे उरलं होतं.

फोन वाजला.

“मला बाहेर कोणी काढलं हो?”

काका उठून उभे राहिले. फोनवर बोलताना उभं राहायची गरज नसते, हे त्यांना एरवी माहीत होतं.

“साहेबांचा हुकूम आहे. पंधरा मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद. इथे लोकांना अडचण व्हायची ना.”

“कधीपासून व्हायची?”

“रोजच.”

“मग चार वर्षांत एकाचाही फोन आला नाही तो?”

“कसा येईल? मी प्रती काढून द्यायचो त्यांना.” काकांच्या आवाजात थोडा अभिमान डोकावला. “म्हटलं, तुमच्या कामात व्यत्यय नको.”

“कसलं डोंबलाचं काम!” बाई म्हणाल्या. “रोज तीनला ती यादी उघडायची आणि फोनपाशी येऊन बसायचं. ‘बाई, ती मिटा’ एवढं सांगायला तरी तुम्ही फोन कराल म्हणून.”