हवेतली काठी

टेबल रिकामंच होतं. पण चष्मा लावून हातातली पांढरी पाटी त्यावर धरली, की पाटीवर अनीशनं कॅमेऱ्यानं टिपलेलं त्याचं अन्नपूर्णा सोसायटीतलं घर उमटायचं. पाटी सरकवावी तसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरता यायचं. ते बघायला प्रयोगशाळेत बाहेरगावचे पाहुणे जमले होते. मागच्या खुर्चीत अनीशचे वडील, नाना, बसले होते. "मला पण बघू दे ना बेटा, तू करतोस तरी काय," म्हणून हट्टानं आले होते.

पाटी हॉलमध्ये पोचली. सोफा, टीव्ही, कुंड्या. पाहुणे खूश झाले. नानांची खाट आणि तिच्याखालचं लघवीचं भांडं अनीशनं त्या चित्रातून आधीच पुसून टाकलं होतं.

"अरे, ये छड़ी हवा में टेढ़ी कैसे खड़ी है?" एका पाहुण्यानं विचारलं.

अनीश चरकला. खाट पुसली, पण तिला टेकवलेली काठी तशीच राहिली होती. मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली.

"किसकी है?"

"किसी की नहीं, सर. एरर है," तो बोलून गेला.

बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे बघायचा धीर होईना.

पाहुणे चहासाठी वळले, तेव्हा कुठे तो वळला. नाना भिंतीला धरून, थरथरत उभे होते आणि हसून सगळ्यांना नमस्कार करत होते. लाल चिंधीची काठी त्यांनी पायानं खुर्चीखाली सरकवून दिली होती.